कॅम्पर घेऊन कोकणात: आधी तिथी बघा, मग नकाशा

पाचोऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊबीज उरकली की बारा दिवसांसाठी कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन कोकण किनाऱ्याने जायचं आहे. नवरा-बायको, दहा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई माळकरी. गाडीच्या भाड्यातच निम्मे पैसे जाणार, त्यामुळे तिकिटं, बोटिंग, वॉटर स्पोर्ट्स यांवर खर्च करायचा नाही. किनाऱ्यावरच्या गावांत फुकटात बघण्यासारखं काय आहे आणि रात्री गाडी कुठे उभी करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी धुळ्याचा. बावीस वर्षं एस.टी. चालवली. निवृत्तीनंतर एक जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली, आरटीओची रीतसर परवानगी काढून तिच्यात झोपायची, रांधायची सोय करून घेतली आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही दोघं किनाऱ्याला जातो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ठिकाणांच्या यादीने द्यायला गेलो तर तुमची फसगत होईल. कोकणात फुकट मिळणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेळेला बांधलेली आहे. मासळीचा लिलाव त्याच्या वेळेला, खडकातली वाट ओहोटीला, घळीतला फवारा भरतीला. दुपारी दोनला पोचलात तर नुसतं ऊन आणि वाळू दिसते, मग मुलं कंटाळतात आणि आपला हात बनाना राइडच्या पैशांकडे जातो. म्हणून आधी भरती-ओहोटीचं गणित शिकून घ्या.

हे गणित मला एका कोळ्याने शिकवलं आणि त्याला मोबाइल लागत नाही, कॅलेंडर पुरतं. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्री अशी दोनदा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. या हिशोबात पाऊण तास, कधी तासभरही फरक पडतो, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला एकदा विचारायचंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, तो भांग.

हे न समजल्याची किंमत मी मोजली आहे. पहिल्याच वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी सहाला आम्ही एका किनाऱ्यावर पोचलो. ओहोटी होती. वाळू ओली, घट्ट, डांबरी रस्त्यासारखी. मी गाडी सरळ खाली घेतली, चहा केला, जेवलो, झोपलो. मध्यरात्री चाकांखालून आवाज यायला लागला. उधाणाची भरती होती. गाडी मागे घ्यायला गेलो तर मागची चाकं रुतून बसली, जशी आपल्याकडे पहिल्या पावसात काळ्या रानात बैलगाडी बसते तशी. गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर आणून दोराने ओढली म्हणून गाडी वाचली. पण खारं पाणी ब्रेकच्या पाइपांत आणि वायरिंगमध्ये शिरलं होतं, पुढचं वर्षभर काही ना काही निघत राहिलं. भाड्याच्या गाडीला हे झालं तर सगळा भुर्दंड तुमच्यावर येईल. दुसऱ्या गाड्या खाली उभ्या दिसल्या तरी आपली गाडी वाळूवर घालायची नाही, डांबर संपतं तिथे थांबायचं.

आता तुमचे बारा दिवस. तृतीयेला निघालात तर चाळीसगाव, मनमाडमार्गे पहिला मुक्काम नाशिकच्या पुढे, म्हणजे कसारा घाट सकाळच्या उजेडात उतरता येईल. चतुर्थीला पनवेल, माणगावमार्गे संध्याकाळपर्यंत श्रीवर्धन. अलिबागला वळू नका. तिथे शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते आणि लांब गाडी वळवायलाही जागा मिळत नाही.

पंचमीला सकाळी हरिहरेश्वर. आधी काळभैरव, मग हरेश्वर असा तिथला क्रम आहे, सासूबाईंना सांगून ठेवा. देवळामागून डोंगराच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि समुद्राच्या कडेने खडकावरून प्रदक्षिणेची वाट जाते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तिथला दगड असा कोरला आहे की मधमाशांचं पोळं वाटावं. मुलांनी हात फिरवून बघण्यासारखी जागा आहे, आणि एक पैसा लागत नाही. पण इथे माणसं वाहून गेली आहेत. पंचमीला भरती पावणेचारची, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. साडेनऊला उतरा, अकराच्या आत वर या. उतरण्याआधी पुजाऱ्यांना विचारा, आणि वाटेच्या खडकावर लाटेचं पाणी चढताना दिसलं तर त्या दिवशी प्रदक्षिणा सोडून द्या. सासूबाईंना त्या पायऱ्या झेपणार नाहीत, त्यांनी देवळातच बसावं.

तिथून बागमांडल्याला जा. सावित्रीची खाडी गाडीसकट बोटीने ओलांडून पलीकडे वेश्वीला उतरायचं. या बोटीला तिकडे जंगलजेटी म्हणतात. तिकीट आहे, पण रस्त्याने वळसा घालायला जे डिझेल जळेल त्यापुढे ते काहीच नाही, आणि मुलांची बोटीची हौसही त्यातच भागते. पहिल्यांदा ती खाडी बघून आमची मंडळी म्हणाली होती, "हाई ते पूर उनेल तापीच शे!" म्हणजे ही तर पूर आलेली तापीच आहे. एक काळजी घ्या. ओहोटीला बोटीची फळी जास्त उतरती होते आणि ट्रॅव्हलरची शेपटी लांब असल्याने मागचा भाग घासतो. पाणी भरलेलं असताना चढा, उलट गिअरने बोटीवाल्याच्या इशाऱ्याप्रमाणे घ्या, घाई करू नका. गॅस सिलिंडरचा कॉक आधीच बंद करा.

षष्ठी ते अष्टमी हर्णै आणि मुरुड, दापोली तालुक्यातलं मुरुड. तीन रात्री एकाच ठिकाणी. लोक रोज गाव बदलतात आणि सगळीकडे अर्धवट बघून परततात. हर्णैचा मासळी लिलाव सकाळीही असतो, पण दुपार कलल्यावरचा बघा. बोटी खोल पाण्यात थांबतात, माल किनाऱ्याला येतो आणि वाळूवरच ढीग लागतात. बोली इतकी झरझर चालते की पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी आकडे समजायला लागतात, तिसऱ्या दिवशी मुलं माशांची नावं सांगायला लागतात, म्हणून तीन रात्री म्हणतोय. आपल्या मुलांनी केळीचा, कापसाचा भाव ठरताना पाहिलेला असतो, त्यांना हा बाजार लगेच जवळचा वाटतो. ढिगांच्या मधून चालायचं नाही, विचारल्याशिवाय बायांचे फोटो काढायचे नाहीत, त्या कामात असतात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. तिथे जायला बोटीचे पैसे पडतात, पण अलीकडच्या काठावर कनकदुर्ग आणि गोवा किल्ला आहेत, तिथून पायी फिरून सुवर्णदुर्ग डोळे भरून बघता येतो. लिलावाच्या वेळी सासूबाईंना वास सोसणार नसेल तर त्यांना आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला घेऊन जा. तिथून दिसणारा समुद्र मला तरी या सगळ्या पट्ट्यात सर्वांत आवडतो.

या तीन दिवसांतला एक दिवस समुद्राकडे पाठ करून पालगडला जा, ही माझी विनंती समजा. साने गुरुजींचा जन्म तिथला, २४ डिसेंबर १८९९चा. त्यांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. आपल्यासाठी गुरुजी म्हणजे अमळनेर. १९२४ ते १९३० ते तिथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचं आजारपण काढायचे, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, आणि मग मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. खानदेशातली दोन-तीन पिढ्यांची माणसं त्यांच्या गोष्टी ऐकून मोठी झाली. ते लहानसं घर, बाजूची झाडं, गावातली वाट पाहिली की हा माणूस कुठल्या मातीतून आपल्याकडे आला ते कळतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओट्यावर बराच वेळ नुसता बसून होतो. मुलांना जाताना गाडीतच गुरुजींबद्दल सांगून ठेवा, म्हणजे घर बोलायला लागतं.

नवमीला दाभोळहून धोपाव्याला जंगलजेटीने वाशिष्ठी ओलांडा आणि गुहागरला तीन रात्री राहा. गुहागरचा किनारा लांबलचक आणि गावाला लागून आहे. व्याडेश्वराचं देऊळ गावातच. इथे काही करायचं नाही, सकाळ-संध्याकाळ चालायचं. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक खेकडे वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालतात, ती बघण्यात माझा तासन् तास जातो. थंडीत पाहुणे आलेले कुरव पक्षी थव्याने बसलेले असतात. पाणी गुडघ्यापर्यंतच, मुलं कितीही म्हणाली तरी. आपल्याकडची मुलं विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि त्याच भरवशावर समुद्रात शिरतात, पण परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते हे विहिरीत कधी अनुभवलेलं नसतं.

हेदवीची बामणघळ एकादशीसाठी राखून ठेवा. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. नवमीला गेलात तर भांगामुळे जोर नसतो, लोक "एवढंच?" म्हणून परत येतात. एकादशीपर्यंत उधाण चढायला लागलेलं असतं आणि भरती सव्वाआठची, म्हणजे साडेसातला जाऊन उभं राहिलं की कोवळ्या उन्हात ती बघता येते. घळीच्या कडेला जायचं नाही, खडक शेवाळलेला असतो. मुलांचा हात धरून लांबूनच. कार्तिकी एकादशी असल्याने सासूबाईंचा उपास असेल. हेदवीच्या दशभुज गणपतीला जाऊन गुहागरला परत या आणि त्यांना देवळात निवांत बसू द्या. दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं लागतात. संध्याकाळी वाडीतून चालत निघा. प्रत्येक अंगणात सारवलेलं वृंदावन, त्याला बांधलेला ऊस, चिंचा-आवळे. बघत उभं राहिलेल्या पाहुण्याला तिथे कोणी चुरमुरे-बत्तासे दिल्याशिवाय जाऊ देत नाही.

द्वादशीला तवसाळहून जयगडला शास्त्रीची खाडी ओलांडून गणपतीपुळे, मग रत्नागिरी. पुळ्याला देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात, ती पहाटे घाला, दर्शनाची रांगही तेव्हा लहान असते. रत्नागिरी शहरात टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि खाली तिन्ही बाजूंनी पाणी, सूर्यास्ताला थिबा पॉइंट. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी या गावात आणून ठेवलं, १९१६ला तो इथेच वारला. राजवाडा आतून नाही पाहिला तरी त्या टेकडीवरून भाट्याची खाडी बघताना त्याची गोष्ट मुलांना सांगता येते.

पण रत्नागिरीतला माझा दिवस मी कातळशिल्पांना देतो. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर, म्हणजे माळावर, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत. हत्ती, मासे, माणसं, आणि काही आकृत्या अशा की त्यांचा अर्थ अजून लागलेला नाही. २०२२मध्ये त्यांना युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. उक्षीला एक मोठा हत्ती कोरलेला आहे, गावकऱ्यांनी त्याभोवती कठडा बांधून तो राखला आहे. दुपारच्या उन्हात रेषा सपाट होऊन जातात, काहीच दिसत नाही. सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळायच्या तासभर आधी जा, तिरप्या उन्हात रेषेरेषेत सावली भरते आणि हत्ती उठून दिसतो. चित्रावर पाय ठेवायचा नाही, पाणी ओतून फोटो काढायचा नाही. आम्ही गेलो तेव्हा सड्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. लळिंगच्या डोंगरात गुरं राखत मोठा झालेला मी, मला तो सडा बघून वाटलं की इथेही कोणी तरी गुरं राखता राखताच हत्ती काढला असेल. ते खरं आहे की नाही कोण जाणे, पण तेव्हापासून मी दरवर्षी जातो.

रात्रीच्या जागेचं. समुद्रकिनाऱ्यावर रात्री गाडी लावू देत नाहीत आणि लावूही नये. माझा नेहमीचा मार्ग असा. संध्याकाळी पाचच्या आत गावात पोचायचं, एखाद्या घरगुती खाणावळीत रात्रीचं जेवण सांगायचं आणि मग विचारायचं की अंगणात गाडी लावून झोपलो तर चालेल का. जेवणाचे पैसे त्यांना मिळतात, आपल्याला पाणी, संडास आणि सोबत मिळते. आजवर फार थोड्या घरांनी नाही म्हटलं. दुसरा मार्ग देवस्थानाच्या भक्तनिवासाचं आवार. व्यवस्थापकाला भेटून परवानगी घ्यायची आणि सकाळी पेटीत काही तरी टाकून निघायचं. प्रवासात, हमरस्त्यावर, मोठा पेट्रोल पंप बरा. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि चाकात हवा या सोयी तिथे फुकट असतात. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१मध्ये आलं, एमटीडीसीच्या निवासांत पैसे भरून गाडी उभी करता येते का ते फोन करून विचारता येईल. पोरं लहान आहेत, एखादी रात्र तशी काढायला हरकत नाही.

जागा बघताना डोकं वर करून बघा. माडाखाली गाडी कधीही लावायची नाही. वरून नारळ पडला तर काच राहत नाही, आणि माणूस असेल तर माणूस राहत नाही. वाडीतल्या वाटा दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून जातात, वळणावर ट्रॅव्हलर अडकली की पुढेही नाही आणि मागेही नाही. आधी एकाने चालत जाऊन वाट आणि वरच्या वायरी बघून यायच्या, मगच गाडी घालायची. गाडीतल्या संडासाची टाकी उघड्यावर किंवा ओढ्यात रिकामी करू नका. ज्यांच्या अंगणात उतरलात त्यांना विचारून त्यांच्याच संडासात ओता आणि जागा धुऊन द्या. हे एकाने चुकवलं की पुढच्या दहा गाड्यांना ते गाव दार लावून घेतं.

आणि पाचोऱ्याहून निघताना रिकाम्या हाताने जाऊ नका. दिवाळीनंतर भरताची वांगी बाजारात येतात, ती घ्या. केळीचा घड, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, बिबड्या म्हणजे आपले ज्वारीचे पापड, शेंगदाण्याची चटणी. गुहागरला एका अंगणात आमच्या मंडळीने काटक्यांवर वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या. त्या घरच्या आजींनी तसं भरीत कधी खाल्लं नव्हतं. त्यांनी सोलकढी आणि घावणे आणून ठेवले, आणि सकाळी त्यांचा नातू आम्हाला गावामागची देवराई दाखवायला घेऊन गेला. ती देवराई कुठल्या नकाशावर नाही. त्या घरी आता आम्ही दरवर्षी उतरतो.

मालवणचा मोह या वेळी आवरा. बारा दिवसांत तिकडे धावलात तर निम्मा वेळ महामार्गावर जाईल. पुढच्या वर्षी फक्त सिंधुदुर्गासाठी निघा. जत्रांतले दशावतार रात्रभर चालतात, तिकीट नसतं. वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला गावाबरोबर आपणही हात लावू शकतो. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, सिंधुदुर्गाची पायाभरणी करताना २५ नोव्हेंबर १६६४ला शिवाजी महाराजांनी जिथे पूजा केली तो खडक.

चतुर्दशीला परतताना आंबा घाटाने वर या. रत्नागिरीतून निघण्याआधी वॉशिंग सेंटरवर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन घ्या, पाण्याची टाकी निम्मी रिकामी करा म्हणजे चढाला इंजिनावर ताण येत नाही. घाटात धुकं उतरायच्या आत, म्हणजे दुपारी चारपर्यंत, माथ्यावर पोचा. पाचोऱ्याहून निघायच्या आदल्या दिवशी गाडीच्या कागदांचे आणि मागच्या चाकांचे फोटो काढून मला पाठवा, चाकं किनाऱ्यापर्यंत टिकतील की बदलून मागायला हवीत ते बघून सांगतो.